विवेक मधुकर चिटणीस यांचं अडलेलं काम

पाण्यात मासा दिसलाच नाही तर माणूस समुद्राला दोन शिव्या घालतो आणि घरी जाऊन झोपतो. मासा दिसतो, ढळढळीत दिसतो, आणि तरी गळाला लागत नाही, तेव्हा मात्र झोपेचं खोबरं होतं. विवेक चिटणीसच्या झोपेचं दिवाळीपासून खोबरं झालं होतं.

थंडीत अरादच्या खाडीचं पाणी असं नितळ होतं, की काठच्या दगडांवर उभं राहिलं तर खाली साफींचं अख्खं संमेलन भरलेलं दिसावं. साफी म्हणजे चपटा, करड्या-हिरव्या अंगावर ठिपके असलेला मासा. बहरीनमध्ये राजापासून रंकापर्यंत सगळ्यांच्या ताटात तो जातो. विवेकच्या ताटातही जायचा, पण बाजारातून. इथे दगडांखाली त्या साफी अशा बसून असायच्या, जसे कचेरीतले कारकून जेवणाच्या सुट्टीनंतर बसतात. दिसतात सगळे, काम एकही करत नाही. विवेकचा गळ त्यांच्या नाकासमोर यायचा. एखादी किंचित वळून बघायची, आणि 'उद्या या' अशा चेहऱ्यानं परत जागेवर जायची.

विवेक मूळचा ठाण्याचा, सीकेपी. मासे खाण्याचा त्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. पकडण्याचा प्रश्न कधी आला नव्हता, कारण कोळीण दारात येत असे. बहरीनमध्ये तो एका बांधकाम कंपनीत एस्टिमेशन इंजिनिअर होता. नकाशावर नजर टाकून इमारतीला किती पाइप लागतील हे सांगणारा माणूस. मासा मात्र त्याच्या अंदाजात बसत नव्हता.

बरं, हा नुसता छंद असता तर स्मितानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गळकाठी कधीच माळ्यावर टाकली असती. पण विवेकनं शब्द दिला होता, तोही चारचौघांत, चकली खाताना.

त्याचं असं झालं. उम्म अल हस्समच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा दिवाळी फराळ होता. तिथे उज्ज्वल मोहितेनं जाहीर केलं, की आता पुरे. मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून तो आणि त्याची बायको संघप्रिया कायमचे चिपळूणला निघालेत. सगळे हळहळले आणि पुन्हा ताटांकडे वळले. विवेकच्या हातातली चकली मात्र तशीच राहिली. तो पहिल्यांदा बहरीनला आला तेव्हा स्मिता अजून ठाण्यातच होती. एका खोलीत चौघं, आणि रोज तीच पिवळी डाळ. एका शुक्रवारी शेजारच्या खोलीतला हा चिपळूणचा माणूस पेपरात गुंडाळलेला मासा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "एकट्याच्यानं संपणार नाही. तेल आहे का तुमच्याकडे?" तो मासा दोघांनी करपवून खाल्ला. तेव्हापासून त्यांचं अरे-तुरे सुरू झालं आणि विवेकचं रडणं थांबलं. ही गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. उज्ज्वलला सांगायची गरज नव्हती, तो तिथेच होता.

तर त्या फराळाला विवेक उभा राहिला आणि म्हणाला, "उज्ज्वल, तुझ्या निरोपाचं जेवण माझ्या घरी. आणि ताटात साफी असेल, मी स्वतः पकडलेली."

मग उज्ज्वल म्हणाला, "म्हणजे मी तिकीट ओपन ठेवू का?"

अख्खा हॉल हसला. विवेकही हसला. पण गळकाठी त्यानं दुसऱ्याच दिवशी आणली.

ऑफिस लवकर सुटायचं. घर अरादलाच असल्यामुळे ऊन कलायच्या आत तो दगडांवर हजर. आधी कोळंबी लावून पाहिली, मग माकूळ, मग कोंबडीचं काळीज. रात्री इंटरनेटवर व्हिडिओ. त्यातला एक अमेरिकन गृहस्थ बर्फाळ तळ्यातल्या वॉलाय नावाच्या माशाला कसं भुलवायचं ते सांगत असे. मासा दिसतोय पण खात नाही, तर आमिष सावकाश हलवा, मग थांबा, मग माशाच्या मनाचा विचार करा. विवेकनं साफीच्या मनाचा विचार केला. तिच्या मनात काहीच नव्हतं, असं त्याचं मत झालं.

"अहो, तुमच्या शर्टाला कसला वास येतोय?" स्मिता विचारायची.

"काळजाचा."

"कोणाच्या?"

"कोंबडीच्या."

यावर स्मिता कणीक मळायला घ्यायची. त्या दिवसांत घरात कणीक जरा जास्तच मळली जायची, पण विवेकचं सगळं लक्ष माशाच्या मनाकडे लागलेलं.

उज्ज्वल अधूनमधून गाडी काढून यायचा, दगडावर बसून शेंगदाणे खायचा आणि खाली बघायचा. त्याला माशांतलं काही कळत नाही, हे तो स्वतःच सांगे. त्याला आयुष्यात जे मासे मिळाले ते नशिबानं. बहुतेक वेळा तो दुसरीकडे बघत असताना.

"विवेक, तो डावीकडचा बघ. तुला ओळखायला लागला."

"गप रे."

"खरंच. मघाशी दुसऱ्याला म्हणाला, चिटणीस आले, आत जाऊ नका, वाईट दिसतं."

"तू मला मदत करायला आलायस का?"

"मी निरोप घ्यायला आलोय. तुझा नाही, यांचा. यांच्यातला एकही माझ्या पोटात जाणार नाही, याची खात्री पटली. चांगले संबंध ठेवून जातो."

सामानाचे खोके भरून झाले, कंटेनर गेला, व्हिसा कॅन्सलचे सोपस्कार झाले. शनिवारचं विमान आणि त्याआधी शुक्रवारी दुपारी विवेककडे जेवण, असं ठरलं. शुक्रवार तोंडावर आला तरी विवेकच्या हाती एक जुनी चप्पल सोडली तर काही लागलं नव्हतं. चप्पलही एकाच पायाची.

त्या सोमवारी तो दगडांवर पोचला तर बाकावर खदिजाबाई बसल्या होत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. रोज काठाकाठानं फिरायच्या, आणि कोणी कागद टाकला की त्याला तो उचलायला लावायच्या. भारतीयांशी बोलताना त्या आखाती हिंदी वापरत. ती ज्याला समजते त्याला इतर कोणतीही भाषा समजते. विवेकला त्या मुहंदिस म्हणत. इंजिनिअर.

"मुहंदिस," त्या म्हणाल्या, "तुम रोज आता. मच्छी मफी."

"मफी," विवेकनं कबूल केलं. मफी म्हणजे नाही.

"कैसे मिलेगा? मच्छी को भूक मफी. सुबह एक मदाम आता, इतना बडा डब्बा. सब मच्छी को खाना देता. मच्छी खाता, खाता, खलास, सो जाता. फिर तुम आता."

विवेक गळकाठी हातात धरून तसाच उभा राहिला. इतके दिवस तो माशांच्या मनाचा विचार करत होता. प्रश्न पोटाचा होता.

"कौन मदाम?"

"हिंदी मदाम, इंडिया वाला. मैं पहले गुस्सा किया, कचरा क्यूं डालता. वो बोला, कचरा नहीं, दुआ है. मैं बोला, दुआ है तो ठीक है, डब्बा वापस ले जाना."

दुसऱ्या दिवशी विवेकनं हाफ डे टाकला. कारण विचारल्यावर 'पर्सनल' म्हणाला, आणि साहेबानं सहानुभूतीनं मान हलवली. अकराच्या सुमाराला तो खाडीवर आला आणि खजुराच्या एका झाडाआड उभा राहिला. खजुराच्या झाडाआड त्याच्या देहाचा साधारण तिसरा हिस्सा लपत होता.

मदाम आली. अंगावर वाऱ्यानं फडफडणारी मोहरीच्या रंगाची ओढणी, खांद्याला कापडी पिशवी. दगडांवर बसून तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डबा विवेकच्या ओळखीचा होता. त्यावर त्याच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं.

स्मिता कणकेची एकेक गोळी करत होती आणि पाण्यात सोडत होती. पाणी उकळल्यासारखं झालं होतं. विवेकच्या कोंबडीच्या काळजाकडे ढुंकून न बघणाऱ्या त्याच कारकून साफी आता एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. आणि प्रत्येक गोळीमागे स्मिता पुटपुटत होती. वारा विवेकच्या दिशेनं होता, म्हणून शब्द ऐकू आले.

"विवेक मधुकर चिटणीस यांचं अडलेलं काम होऊ दे. विवेक मधुकर चिटणीस यांचं अडलेलं काम होऊ दे."

विवेकच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. ठाण्याचे गुरुजी. दरवर्षी कोणाची ना कोणाची पत्रिका स्मिताची आई त्यांना दाखवायची. माशांना कणकेच्या गोळ्या घालणं हा शनीचा जुना उपाय. हे त्याच्यापासून लपवण्याचं कारणही सरळ होतं. मंडळाच्या गणपतीत 'ग्रहांपेक्षा मनगट मोठं' असं भाषण त्यानंच दोनदा केलं होतं, दुसऱ्यांदा कोणी सांगितलेलं नसताना. आणि याच खाडीवर का, तर घराजवळ दुसरी खाडी नव्हती.

म्हणजे अडलेलं काम व्हावं म्हणून बायको रोज जे करत होती, त्यानंच काम अडलं होतं.

त्याला आधी राग यायला हवा होता. तो आला नाही. स्मिता उठली, डबा खाडीच्या पाण्यात खळबळून घेतला, माशांना हात जोडले, आणि जाता जाता एका राहिलेल्या साफीसाठी परत वळून शेवटची गोळी टाकली. ठाण्यातल्या त्या कोळणीनंतर इतक्या प्रेमानं माशांशी वागलेलं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. आणि कोळीण तरी निदान विकायची.

बाकावरून खदिजाबाईंनी हाक मारली. "मुहंदिस. तुम्हारा मदाम?"

"मेरा," विवेक झाडाआडून म्हणाला.

"माशाल्ला. तुम घर में भी मच्छी के बाद खाना खाता?"

संध्याकाळी तो उज्ज्वलकडे गेला. रिकाम्या फ्लॅटमध्ये दोन खुर्च्या आणि एक किटली उरली होती. सगळं ऐकून उज्ज्वल इतका हसला, की आतून संघप्रियानं येऊन पाणी दिलं.

"आमच्याकडे बरं आहे," डोळे पुसत तो म्हणाला. "शनीला आम्ही व्हिसाच दिला नाही. तुमच्याकडे फॅमिली व्हिसावर राहतो."

"माझ्याकडे नाही. माझ्या सासुरवाडीकडे."

"मग वहिनींना सांग सरळ. म्हणावं, तुझी माया जरा कमी कर, मासे सुस्तावलेत."

"नाही सांगणार."

"का?"

विवेकनं किटलीकडे पाहिलं. "ती माझ्यासाठी करतेय रे. आणि तिला कळलं की तिच्यामुळेच अडलंय, तर..."

उज्ज्वलचं हसू थांबलं. मग संघप्रिया दारातून म्हणाली, "मग ज्यांनी सुरू केलं, त्यांनाच थांबवायला सांगा ना. त्या गुरुजींना फोन करा."

आणि मनगटाचे पुरस्कर्ते विवेक मधुकर चिटणीस यांनी आयुष्यात पहिल्यांदा ज्योतिषाला फोन लावला. उज्ज्वलनं स्पीकर सुरू केला. असा प्रसंग तो सोडणार नव्हता.

"गुरुजी, मी बहरीनहून विवेक चिटणीस. स्मिताचा..."

"अडलेलं काम," गुरुजी म्हणाले. "बोला."

"त्याबद्दलच. तो माशांचा उपाय बदलता येईल का? कावळ्यांना वगैरे..."

"तिथे कावळे आहेत?"

"साळुंक्या आहेत. बुलबुल आहेत. मांजरं तर भरपूर आहेत."

"मांजरं चालणार नाहीत. शनी सध्या मीनेत आहे. मासा सोडून कुठे जाता? पण तुम्हाला अडचण काय आहे?"

विवेकनं उज्ज्वलकडे पाहिलं. उज्ज्वलनं हातानंच 'खरं सांग' अशी खूण केली.

"गुरुजी, काम जे अडलंय ना, ते मासा पकडण्याचंच आहे. आणि मासे जेवून येतात."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग गुरुजींनी खाकरून घसा साफ केला, पण ते खाकरणं नव्हतं, हे तिघांनाही कळलं.

"असं आहे," ते म्हणाले, "शास्त्रात उपायाला विसावाही सांगितलाय. बुधवारपासून शुक्रवार दुपारपर्यंत अन्नदान बंद ठेवावं. मी ताईंना कळवतो. पुढचं तुमचं मनगट."

त्यांनी भाषणाबद्दल ऐकलेलं होतं तर.

बुधवार-गुरुवार विवेकनं माशांना नीट भूक लागू दिली. शुक्रवारी सकाळी स्मिता शांतपणे आलं-लसूण वाटत होती. विवेकनं चाचरत विचारलं, "बाजारातून आणून ठेवायचा का एखादा? सेफ्टी म्हणून?"

"कशाला?" वाटणावरची नजर न काढता ती म्हणाली. "तुम्ही आणताय ना."

हे उत्तर त्याला टोमण्यापेक्षा जड गेलं. तिची पाठ वळली तशी त्यानं स्वयंपाकघराच्या दारामागची कापडी पिशवी काढली आणि गळकाठीबरोबर खाली नेली. गाडीत उज्ज्वल बसलेला होताच. त्यानं पिशवी उघडून डब्याचं झाकण काढलं.

"विवेक, उपायाला विसावा आहे ना?"

"हो."

"मग कणीक ताजी कशी?"

"सवय झाली असेल तिला. यल्ला, उशीर होतोय."

अकराच्या सुमाराला साफी आपापल्या जागी हजर होत्या, पण आज त्यांच्यात सुस्ती नव्हती. माना वर, नजर काठाकडे, जेवणाची घंटा चुकलेल्या वसतिगृहासारखी अस्वस्थता. बाकावर खदिजाबाई. दगडावर उज्ज्वल, शेंगदाण्यांसकट. विवेकनं छोट्या गळाला कणकेची गोळी लावली आणि श्वास रोखून सोडली.

साफी आल्या. गोळीभोवती फिरल्या. मग एकदम सगळ्यांनी वर पाहिलं, विवेककडे, आणि मागे सरकल्या.

पुन्हा तेच. आणि पुन्हा.

"भूक आहे, कणीक तीच आहे, वेळ तीच आहे," विवेक म्हणाला. आवाजात इंजिनिअर संपत आला होता. "मग बिघडतंय कुठे?"

उज्ज्वल शेंगदाणा चघळत खाली बघत होता. "तू अनोळखी हाताचं खातोस का? सोळा वर्षांत तू एकदा तरी वहिनींच्या हातचं सोडून दुसऱ्याची आमटी चांगली म्हणालायस?"

बाकावरून आवाज आला. "मुहंदिस. मदाम पीला कपडा पहनता."

विवेकनं पिशवीत हात घातला. तळाशी, नीट घडी घालून ठेवलेली, मोहरीच्या रंगाची ओढणी होती.

त्यानं ओढणीकडे पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. काठावर दोन फिलिपिनो मुली सेल्फी काढत होत्या, एक पाकिस्तानी कुटुंब चटई अंथरत होतं, आणि दूर कुठेतरी अरादचा किल्ला होता, ज्यानं याहून वाईट गोष्टी पाहिल्या असणार.

"घे," उज्ज्वल म्हणाला. "माझं उद्याचं विमान आहे. मी कोणाला सांगणार?" आणि त्यानं फोन काढून कॅमेरा सुरू केला.

विवेकनं ओढणी डोक्यावरून घेतली, पदरासारखी खांद्यावर टाकली, आणि स्मिता बसायची तसा दगडावर बसला. गोळी केली. सोडली. साफी पुढे आल्या, थबकल्या. एक नाक गोळीला लागून परत गेलं.

"बोल की," उज्ज्वल हळूच म्हणाला.

"काय?"

"वहिनी जे बोलतात ते."

"उज्ज्वल, माशांना कान नसतात."

"तुझ्या सगळ्या माहितीवर आत्तापर्यंत चप्पल मिळालीय."

विवेकनं डोळे मिटले. गणपतीतलं भाषण आठवलं, दोन्ही वेळचं. मग ओढणीच्या आतून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तो पुटपुटला, "विवेक मधुकर चिटणीस यांचं अडलेलं काम होऊ दे."

दोर ताणला गेला.

पुढे जे झालं त्यात कौशल्य नव्हतं. विवेक उभा राहिला, ओढणीत पाय अडकला, बसला, पुन्हा उभा राहिला. काठी वाकली, साफी पाण्याबाहेर आली आणि उन्हात चमकत थेट उज्ज्वलच्या मांडीवर पडली. शेंगदाणे समुद्रार्पण झाले. विवेकनं आनंदाच्या भरात ती दोन्ही हातांनी धरली, आणि साफीच्या पाठीवर विषारी काटे असतात हे जे त्यानं निदान चार व्हिडिओंत पाहिलं होतं, ते त्याला तेव्हा आठवलं.

"आई गं," तो म्हणाला. पण साफी सोडली नाही.

खदिजाबाई उठून आल्या. त्यांनी माशाकडे पाहिलं, ओढणीकडे पाहिलं, सुजायला लागलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. "गरम पानी में हाथ डालो," त्या म्हणाल्या. "और मुहंदिस, मबरूक." मग जाता जाता, मुख्याध्यापिकेच्या आवाजात, "मूंगफली का छिलका उठाओ." उज्ज्वलनं सालं मुकाट उचलली.

घरी दार उघडलं ते स्मितानं. नवरा एका हातात साफी, दुसरा हात हवेत, गळ्यात तिची ओढणी. आत जाऊन तिनं कोमट नव्हे, चांगल्या कढत पाण्याचं पातेलं आणून ठेवलं. पाणी आधीपासून तापवलेलं होतं.

विवेक अंगठा बुडवून बसला आणि त्या पातेल्याकडे बघता बघता त्याच्या डोक्यात उजेड पडायला लागला. ताजी कणीक. पिशवीत घडी घातलेली ओढणी. तापलेलं पाणी.

"तुला माहीत होतं?"

"गुरुजी आईच्या ओळखीचे आहेत," स्मिता माशाला मीठ-हळद लावत म्हणाली. "तुमच्या फोननंतर पाचव्या मिनिटाला मला फोन. त्यांना धड बोलता येत नव्हतं हसून हसून. म्हणाले, ताई, शनीचं माहीत नाही, पण जावई भला माणूस आहे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मांजरांपर्यंत गेला."

"मग तू मला..."

"तुम्ही मला सांगितलंत?"

विवेकनं अंगठा पातेल्यात आणखी खोल बुडवला. स्मितानं हसू दाबत कोथिंबिरीकडे मोर्चा वळवला, आणि तिथे, मदतीला सकाळीच आलेल्या संघप्रियाशी तिचं जुंपलं. संघप्रियाचं म्हणणं, साफीला कोकमाचं आगळ हवंच. स्मिताचं म्हणणं, चिटणीसांच्या घरात आगळ सोलकढीत जातं. शेवटी माशाची एक बाजू चिपळूणची झाली आणि एक ठाण्याची.

ताटं मांडली. भात, सोलकढी, कोंबडीचा रस्सा, आणि मधोमध ती एकुलती एक साफी, खरपूस, थोडी वाकलेली. चौघं तिच्याकडे एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते.

"मी नाही खाणार," स्मिता म्हणाली. "मी जेवू घातलंय त्यांना."

"मग तर हक्क तुमचा पहिला," उज्ज्वल म्हणाला. "ही जवळजवळ तुमच्या कणकेचीच बनलीय."

विवेकनं डाव्या हातानं, कारण उजव्याचा अंगठा केळ्याएवढा झाला होता, माशाचा मधला तुकडा काढून उज्ज्वलच्या ताटात ठेवला. उज्ज्वलनं तो बोटांनी मोडला. तोंडात घातला. बराच वेळ चावला.

"कसा झालाय?" विवेकनं विचारलं.

"करपला नाही," उज्ज्वल म्हणाला. "तेवढी एकच कमतरता."

आणि दोघंही ताटाकडे बघत राहिले. तेलाची ती बाटली, पेपरातला तो मासा, चौघांची ती खोली, सगळं ताटात हजर होतं. संघप्रिया आणि स्मितानं एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांना भात वाढण्याचं निमित्त सापडलं.

तेवढ्यात विवेकच्या फोननं थरथरायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मंडळाचा ग्रुप. उज्ज्वलनं तिकडे न बघता सोलकढी उचलली.

"तू व्हिडिओ टाकलास?"

"मी म्हणालो होतो, कोणाला सांगणार नाही. दाखवण्याबद्दल बोलणं झालं नव्हतं."

स्मितानं फोन घेऊन मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. साफीबद्दल कोणीच काही विचारलं नव्हतं. वरुणचं प्रमोशन अडलं होतं. पूर्णिमाला मुलीच्या अॅडमिशनसाठी उपाय हवा होता. मयुरेशला तो कशासाठी हवा, ते खासगीत सांगायचं होतं. सगळ्यांचा प्रश्न एकच. गुरुजींचा नंबर, आणि खाडीवर नेमकं कोणत्या दगडावर बसायचं.

"झालं," विवेक म्हणाला. "उद्यापासून तिथे डब्यांची रांग लागणार. एकही साफी परत गळाकडे बघणार नाही."

"म्हणजे," उज्ज्वल माशाकडे बोट दाखवत म्हणाला, "अरादच्या दगडांवरून निघालेली ही शेवटचीच."

मग स्मितानं ताट पुढे ओढलं.

"असं असेल तर," ती म्हणाली, "ठाण्याची बाजू जरा मला द्या."